रिपोर्ट नॉर्मल आहेत

आमच्या फ्रिजच्या दारात अगदी वर झाकणाचा एक कप्पा आहे. कंपनीने तो लोण्यासाठी दिला असावा. गेली पाच वर्षं तो माझ्या पोटाच्या नावावर आहे. यंदा मे महिन्यात बर्फ काढायला फ्रिज बंद केला, तेव्हा सासूबाईंनी तो कप्पा जेवणाच्या टेबलावर उपडा केला आणि कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"काहून व, दुकान टाकून राहिली का?"

मी नववी-दहावीला गणित शिकवते. समोर वस्तू पडल्या की मोजल्याशिवाय राहवत नाही. चौदा निघाल्या. कॅप्सूलच्या बाटल्या, पावडरचे डबे, गोळ्यांची अर्धी पानं, अस्वलाच्या आकाराच्या रंगीत गमीज, आणि एक हिरवट द्रव, जो मी कधी आणि कोणत्या मनःस्थितीत मागवला ते मलाच आठवेना. पाचांची मुदत संपलेली. एक तर सील न तोडलेली. त्या दुपारी कूलरसमोर बसून मी मोबाईलवरच्या जुन्या ऑर्डरी काढल्या आणि वहीत बेरीज केली. एकोणीस हजार दोनशे चाळीस. नवऱ्याला हा आकडा अजून सांगितलेला नाही. त्याला तो हा लेख वाचूनच कळेल.

सुरुवात २०१८ च्या मे महिन्यातली. वर्ध्याला चुलत नणंदेचं लग्न होतं. दुपारची पंगत, बेचाळीस-त्रेचाळीस डिग्री ऊन, आणि मठ्ठ्यात टाकलेला कुठल्यातरी टपरीवरचा बर्फ. निदान सगळ्यांनी खापर तरी बर्फावरच फोडलं. परतीच्या गाडीतले आम्ही सातही जण ढाळीने आडवे झालो. सहा जण चार दिवसांत उठून कामाला लागले. माझे ढाळ थांबले, पण पोट काही पूर्वीचं झालं नाही. पोटाच्या अशा संसर्गानंतर साधारण दहातल्या एकाला आयबीएस (इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, म्हणजे चिडखोर आतड्याचा आजार) मागे लागतो, हे मी फार नंतर वाचलं. आमच्या गाडीत सातच जण होते, तरी तो एक मीच निघाले.

ज्याला हा त्रास नाही त्याला तो सांगणं अवघड आहे, कारण सांगण्यासारखं त्यात काही नाही. ताप नाही, सूज नाही, प्लास्टर नाही. बेंबीच्या खाली डावीकडे मुरडा येतो आणि पुढच्या तीन मिनिटांत तुम्ही कुठे असायला हवं ते ठरतं. जाऊन आलं की बरं वाटतं. अर्ध्या तासाने परत. मग दोन दिवस काहीच नाही, पोट नुसतं गुबारलेलं, साडीचा परकर एक गाठ सैल. आमच्या शाळेत बायकांचं संडास तळमजल्यावर आणि माझा नववीचा वर्ग दुसऱ्या मजल्यावर. पायऱ्या चव्वेचाळीस. मधल्या सुट्टीनंतरचा तास माझा. दोन वर्षं मी शाळेत मधल्या सुट्टीत काही खाल्लं नाही. सहकाऱ्यांना वाटायचं उपास करते, एकीने तर मला कोणता गुरुवार सुरू आहे तेही विचारलं. नागपूर ते यवतमाळ रस्त्यावर कोणत्या पेट्रोल पंपाचं संडास उघडं असतं आणि कोणत्याची चावी मालकाच्या खिशात असते, हे मला पाठ आहे.

शेवटी रामदासपेठेतल्या एका पोटविकारतज्ज्ञांकडे गेले. रक्त, थायरॉइड, गव्हाच्या अॅलर्जीसारखा जो सीलिअॅक आजार असतो त्याची तपासणी, शौचाची तपासणी, सोनोग्राफी, दुर्बीण. आठ दिवसांनी सगळे कागद एका फाइलमध्ये लावून पुन्हा गेले. डॉक्टरांनी पानं उलटली, चष्मा वर केला आणि म्हणाले, "मॅडम, अभिनंदन. रिपोर्ट नॉर्मल आहेत."

मी खाली पार्किंगमध्ये गाडीवर बसून रडले.

आता कळतं की डॉक्टर बरोबर होते. आयबीएस म्हणजे 'काही सापडलं नाही म्हणून दिलेलं नाव' नव्हे. त्याचे ठरलेले निकष आहेत, रोम निकष म्हणतात त्यांना. २०१६ च्या चौथ्या आवृत्तीप्रमाणे गेल्या तीन महिन्यांत आठवड्यातून किमान एक दिवस पोट दुखायला हवं, त्या दुखण्याचा शौचाला जाणं, शौचाच्या बदललेल्या वेळा आणि बदललेलं रूप यांपैकी किमान दोन गोष्टींशी संबंध हवा, आणि त्रास सुरू होऊन सहा महिने झालेले हवेत. माझं सगळं जुळत होतं. आतड्याची रचना ठीक असते. बिघडतो तो आतडं आणि मेंदू यांच्यातला निरोप. साध्या वाऱ्यालाही आतडं कळ म्हणून कळवतं. हे सगळं त्यांनी मला सांगितलंही असेल. पण बाहेर बाकावर चौदा माणसं बसली होती आणि माझ्या वाट्याला आली चार मिनिटं. त्या चार मिनिटांतलं मला एवढंच ऐकू आलं, की तुला काही झालेलं नाही. वर "टेन्शन घेऊ नका." हे वाक्य ऐकून आजवर कोणाचं टेन्शन गेलं असेल तर त्या माणसाला मला भेटायचं आहे.

आजार आहे आणि आजाराचा कागद नाही, अशी ती मधली जागा. माझ्या चौदा बाटल्या त्या जागेत येऊन बसल्या. डॉक्टरांना जे चार मिनिटांत जमलं नाही ते बाटलीवरच्या लेबलला जमतं. तिथे लिहिलेलं असतं, 'पोट फुगणं, गॅस, अनियमित शौच: आम्हाला समजतं.' कोणीतरी समजतं म्हणालं, म्हणून मी पैसे भरले.

पहिली आली प्रोबायोटिकची. पन्नास अब्ज जिवंत जिवाणू, असं डब्यावर मोठ्या अक्षरांत, आणि बारीक अक्षरांत 'थंड जागी ठेवा'. कुरियरवाल्या पोराने ती दुपारी एक वाजता वॉचमनच्या पत्र्याच्या खोलीत ठेवली. मी शाळेतल्या पेपर तपासणीहून साडेचारला आले. नागपूरचा मे. त्या दिवशी पारा शेहेचाळीसला टेकलेला, पत्र्याखाली किती असेल देव जाणे. वॉचमन स्वतः समोरच्या कडुलिंबाखाली ओला गमछा डोक्यावर टाकून बसला होता. पन्नास अब्जांपैकी माझ्या हाती किती जिवंत लागले असतील, हा प्रश्न मी गणिताची शिक्षिका असूनही सोडवायचा टाळला आणि बाटली मुकाट्याने लोण्याच्या कप्प्यात ठेवली.

तीन महिने घेतली. पहिल्या पंधरवड्यात वाटलं, फरक आहे. नंतर वाटलं, नाही. मग दुसऱ्या कंपनीची, मग तिसऱ्या. पोटातले जिवाणू ही काही नवी टूम नाही. दह्याच्या जिवाणूंनी आयुष्य वाढतं असं मेचनिकॉफ हा नोबेल मिळालेला शास्त्रज्ञ शंभर वर्षांपूर्वीच म्हणून गेला. अतिसारावर जी यीस्टची पावडर देतात, तीही १९२० च्या दशकात आंरी बूलार नावाच्या फ्रेंच माणसाला इंडोचायनात लिचीच्या आणि मँगोस्टीनच्या सालींवर सापडली. गोष्टी छान आहेत. पण आयबीएसपुरतं विचाराल तर मोठे डॉक्टरच एकमतात नाहीत. अमेरिकेतल्या पोटविकारतज्ज्ञांच्या एका संस्थेने २०२० मध्ये सांगितलं, संशोधनाच्या चाचणीबाहेर देऊ नका. दुसरीने २०२१ मध्ये सुचवलं, नकोच. ब्रिटिशांनी त्याच वर्षी म्हटलं, काहींना उपयोग होऊ शकतो पण नेमकं कोणतं ते सांगता येत नाही, बारा आठवडे घेऊन बघा, गुण नाही आला तर बंद करा.

नेमकं कोणतं, यातच सगळी मेख आहे. डब्यावर 'लॅक्टोबॅसिलस' वाचून मी खूश व्हायचे. पण ते नुसतं आडनाव झालं. आमच्याकडे 'देशमुख येऊन गेले' म्हटलं तर पुढचा प्रश्न ठरलेला असतो, कोणते? काटोलचे की अमरावतीचे, आणि त्यातही कोणत्या वाड्यातले? जिवाणूचंही तसंच. आडनाव, नाव, आणि शेवटी अंक-अक्षरांत लिहिलेलं वाण. चाचणी होते ती त्या एका वाणाची. अमरावतीच्या देशमुखांची पुण्याई काटोलच्यांच्या नावावर जमा होत नाही. माझ्या तीन बाटल्यांपैकी दोन बाटल्यांवर वाण लिहिलेलंच नव्हतं.

पण माझा सगळ्यात मोठा राग आहे तो पावडरवर. ती मी विकत घेतली नाही, ती मला 'जोडून' देण्यात आली. ओळखीतल्या एक बाई, अतिशय गोड बोलणाऱ्या, घरी आल्या, चहा घेतला, माझी सगळी कहाणी पाऊण तास ऐकली (हे महत्त्वाचं आहे, पुढे येईल) आणि डबा काढला. 'गट हेल्थ' पावडर, संत्रा फ्लेवर. नागपूरच्या बाईला संत्र्याचा फ्लेवर विकायला केवढं धाडस लागत असेल! रोज सकाळी दोन चमचे कोमट पाण्यात. "पहिले काही दिवस पोट फुगल्यासारखं वाटेल ताई, म्हणजे घाण निघून राहिली समजायचं."

पंधरा दिवस घाण निघून राहिली. तो पोळ्याचा आठवडा होता. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, पाडव्याला, महाल भागात मावशीच्या गॅलरीत मारबत बघायला उभी होते. खाली ईडा-पीडा वाहून नेणारे काळ्या आणि पिवळ्या मारबतीचे पुतळे, बडग्यांची गर्दी, गुलाल, आणि पोरं घसा फोडून ओरडत होती, "ईडा पीडा घेऊन जा गे मारबत!" माझ्या पोटाचा ढोल झालेला, कठड्याला टेकवत नव्हता. मी आपलं हळूच पुटपुटले, गॅस घेऊन जा गे मारबत. मावसबहिणीने ऐकलं आणि तिला हसू आवरेना.

रात्री घरी येऊन सासूबाईंचं पोथी वाचायचं भिंग घेतलं आणि डब्याच्या मागचं वाचलं. पहिला घटक इन्युलिन, चिकोरीच्या मुळाचं. दुसरा फ्रुक्टो-ऑलिगोसॅकराइड. शब्द घेऊन शोधत बसले तेव्हा साक्षात्कार झाला की हे दोन्ही फ्रुक्टॅन, म्हणजे कांद्यात आणि लसणात जे असतं त्याच जातीचे. लहान आतड्यात पचत नाहीत, पुढे मोठ्या आतड्यात जातात, तिथले जिवाणू त्यांना आंबवतात आणि वायू होतो. ज्याचं आतडं ठणठणीत आहे त्याला हे जिवाणूंचं खाद्य म्हणून चांगलंच. पण माझ्यासारखीला रोज सकाळी दोन चमचे म्हणजे कच्च्या कांद्याचा अर्क अनशापोटी. मग बाकीच्या बाटल्याही भिंगाखाली घेतल्या. प्रोबायोटिकच्या एका कॅप्सूलमध्येही तेच, 'जिवाणूंचं खाद्य' म्हणून घातलेलं. गमीजमध्ये साखरेऐवजी सॉर्बिटॉल, तेही पोट ढिलं करणारं. झोपेसाठी घेतलेल्या मॅग्नेशियमचा तर जुलाब हा गुणधर्मच आहे. म्हणजे पोटाच्या त्रासावर घेतलेल्या निम्म्या वस्तू पोटाला त्रास देणाऱ्या, आणि त्या त्रासावर मी पुढची बाटली मागवत होते.

त्या भिंगातूनच आणखी एक ओळ दिसली. इंग्रजीत, मोठ्या लिपीत, आणि तरी पाच वर्षं न दिसलेली: नॉट फॉर मेडिसिनल यूज. औषध म्हणून वापरण्यासाठी नाही. पूरक आहारासाठी २०१६ च्या नियमांनी ही ओळ छापणं सक्तीचं केलं. शेजारचा चौदा आकडी एफएसएसएआयचा (सरकारी अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) क्रमांक मी आजवर शिक्कामोर्तब समजत आले होते. तो बनवणाऱ्याचा खाद्यपदार्थांचा परवाना आहे. फरसाणाच्या पाकिटावरही असतो. त्याचा अर्थ गुण येतो असा नाही, आणि कंपनीने कायद्याने तसं म्हटलेलंही नसतं. तसं समजले मी.

त्या शोधातच ऑस्ट्रेलियाच्या मेलबर्नमधल्या मोनाश विद्यापीठाच्या आहाराबद्दल वाचलं. आतड्यात आंबणाऱ्या अशा बारीक कर्बोदकांना त्यांनी २००५ मध्ये फॉडमॅप असं नाव दिलं. दोन ते सहा आठवडे ती सगळी बंद करायची, आणि मग एकेक परत आणून बघायची. लोक पहिला भाग करतात आणि तिथेच थांबतात, आयुष्यभर पथ्याची यादी वागवत. खरं काम दुसऱ्या भागात आहे.

मोनाशची यादी समोर ठेवून मी आमच्या स्वयंपाकघराकडे पाहिलं आणि हताश झाले. कांदा, लसूण, गहू, हरभरा. वैदर्भी माणसाच्या ताटातून बेसन काढलं तर उरतं काय? झुणका बेसनाचा, पाटवडी बेसनाची, वडाभातातले वडे डाळीचे, गोळाभातातले गोळे डाळीचे, सांभारवडीच्या पारीत बेसन, आणि रविवारी सकाळी तर्री पोहे खायला जावं तर तर्रीत हरभरे पोहत असतात. हरभऱ्यातली ती विशिष्ट साखर तोडणारं एन्झाइम माणसाच्या पोटात मुळातच नसतं, कोणाच्याच नाही. बाकीच्यांना थोडा गॅस होतो आणि ते हसून सोडून देतात. त्या एन्झाइमची गोळीही मिळते, जेवणाच्या पहिल्या घासाबरोबर घ्यायची. चौदांपैकी जिच्या काम करण्यामागे मला धड तर्क दिसतो अशा दोन-तीनांत ती आहे, आणि लग्नाच्या पंगतीला मी ती अजूनही पर्समध्ये ठेवते. घरी मात्र हरभरे रात्रभर भिजवून ते पाणी फेकते, त्यातही बरंच निघून जातं.

पण यादीत सगळंच वाईट नव्हतं. तांदूळ चालतो. ज्वारीची भाकर चालते. संत्रं चालतं, खरंखुरं, डब्यातलं नव्हे! कांद्याच्या पातीचा हिरवा भाग चालतो. लसूण तेलात तळून काढून टाकला तर ते तेलही चालतं, कारण त्रास देणारा भाग पाण्यात उतरतो, तेलात नाही. हे मी सासूबाईंना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "म्हणजे लसूण आम्ही खायचा न वास तू घ्यायचा." बरोबर तेच. सहा आठवड्यांनंतर एकेक पदार्थ परत आणला, वहीत तारखा घालून, एका वेळी एकच. दुधाचा माझ्यावर काही राग नाही निघाला, उगाच दोन वर्षं काळा चहा प्याले. शिजलेला कांदा थोडा चालतो. कच्चा लसूण आणि बेसन म्हणजे थेट चव्वेचाळीस पायऱ्या.

पुदिन्याच्या तेलाच्या कॅप्सूलबद्दल मला चांगलं बोलायचं आहे, आणि एक फजितीही सांगायची आहे. या तेलातलं मेंथॉल आतड्याच्या स्नायूतली कॅल्शियमची वाट अडवतं, स्नायू सैलावतो, मुरडा ओसरतो. म्हणून तर कॅप्सूलवर खास लेप असतो, ती जठरात न फुटता पुढे आतड्यात फुटावी म्हणून. मला हे माहीत नव्हतं. तासाची घंटा झाली, पाण्याची बाटली रिकामी, मी कॅप्सूल दाताखाली चावली. नाकातून, डोळ्यांतून, कानातून थंड वाफ निघाल्यासारखं झालं आणि नववी 'ब' समोर मी वर्तुळाच्या जीवेचं प्रमेय डोळ्यांतून घळाघळा पाणी गाळत सिद्ध केलं. पहिल्या बाकावरची पोरगी घरी जाऊन आईला म्हणाली, मॅडमला भूमिती फार आवडते. संध्याकाळपर्यंत छातीत जळजळ. पण नीट गिळली तर ती मला उपयोगी पडते, आणि प्रोबायोटिकला नको म्हणणाऱ्या त्याच अमेरिकन संस्थेने पुदिन्याला हो म्हटलेलं आहे.

हळदीची कॅप्सूल मात्र मी सासूबाईंसमोरच केराच्या टोपलीत टाकली. फोडणीतली चिमूटभर हळद वेगळी आणि मिरीचा अर्क घालून रक्तात जास्त उतरावी अशी केलेली, रोजची भरगच्च मात्रा वेगळी. अशा कॅप्सूलनी काहींच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. नैसर्गिक आहे म्हणून निरुपद्रवी, हा तर्क मी माझ्या कोणत्याही विद्यार्थ्याला चालू देणार नाही. धोतराही नैसर्गिकच आहे. शेजारच्या काकू वर्षानुवर्षं घेतात त्या 'पोट साफ' चूर्णातही सोनामुखी असते, आतड्याला चाबूक मारून चालवणारी. काकूंना मी हे सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि चूर्ण चालू ठेवलं.

आता इसबगोल. याच्याबद्दल लिहायला मला थोडी लाज वाटते.

माझे बाबा हिंगणघाटला असताना रोज रात्री साडेनऊला स्टीलच्या पेल्यात इसबगोल घ्यायचे. पेल्यात पाणी, वरून चमचाभर भुसी, दोनदा चमचा फिरवायचा, आणि लगेच प्यायचं. लगेच म्हणजे लगेच. मधे कोणी दारावर आलं आणि दोन मिनिटं गेली की पेल्यात खळ तयार, चमचा उभा राहतो. आम्ही भावंडं त्याला 'बाबांचा डिंक' म्हणायचो. नाव फारसीतलं, अस्प म्हणजे घोडा, गोल म्हणजे कान, बी घोड्याच्या कानासारखं दिसतं म्हणून. पिकतं आपल्याकडेच, गुजरात-राजस्थानात, आणि तिथून जगभर जातं. तेच परदेशातून रंगीत डब्यात, लिंबाच्या चवीचं होऊन परत येतं. माझ्या चौदांत तेही होतं. किंमत इतवारीच्या किराणा ओळीतल्या भुसीच्या पाचपट.

आयबीएसमध्ये तंतू खा असं सरसकट सांगतात, त्यात एक खाच आहे. गव्हाच्या कोंड्यासारखे न विरघळणारे तंतू पुष्कळांचं पोट आणखी बिघडवतात. इसबगोलचे तंतू पाणी धरून ठेवतात, फार आंबत नाहीत, पातळ असेल त्याला आकार देतात आणि कडक असेल त्याला मऊ करतात. २००९ मध्ये नेदरलँड्समध्ये २७५ रुग्णांवर बारा आठवडे चाचणी झाली, एका गटाला रोज दहा ग्रॅम इसबगोल, दुसऱ्याला तेवढाच कोंडा, तिसऱ्याला नुसतं तांदळाचं पीठ. इसबगोलवाल्यांना फरक पडला. कोंडावाल्यांतले बरेच जण त्रास वाढला म्हणून मधेच सोडून गेले. अर्ध्या चमच्याने सुरुवात करायची, आठवड्याने वाढवायचं, पाणी भरपूर, आणि बाकीच्या गोळ्यांपासून दोन तासांचं अंतर, कारण त्यांनाही ही भुसी धरून ठेवते. एवढंच शास्त्र.

लाज याची वाटते की मे महिन्यात ती बेरीज करताना मी जुनी फाइलही काढली. रामदासपेठेतल्या त्या पहिल्या चिठ्ठीवर, सगळ्यात खाली, डॉक्टरी अक्षरात तिसरी ओळ होती: इसबगोल, रोज रात्री. मी ती तेव्हाच वाचली होती. वाचून मनात म्हटलं होतं, एवढी फी घेतली आणि बाबांचा डिंक लिहून दिला? एवढ्या मोठ्या दुखण्याला एवढंसं औषध मला अपमानासारखं वाटलं. महागडी बाटली निदान माझ्या दुखण्याची किंमत तरी करत होती.

याच सुमारास तो हार्वर्डचा प्रयोग वाचनात आला. २०१० सालचा. टेड कॅप्टचक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आयबीएसचे ८० रुग्ण घेतले. निम्म्यांना गोळ्या दिल्या आणि तोंडावर सांगितलं, यात औषध नाही, बाटलीवर 'प्लसिबो' असंच लिहिलंय. उरलेल्यांना गोळी नाही, डॉक्टर-नर्सशी भेट आणि बोलणं मात्र तेवढंच. तीन आठवड्यांनी पुरेसा आराम पडला म्हणणारे गोळीवाल्यांत ५९ टक्के. प्रयोग लहान, काळ थोडा, मान्य. बातम्यांत सगळे त्या ५९ वर नाचले. मी अडकले ती दुसऱ्या आकड्यावर. ज्यांना काहीच दिलं नाही, नुसतं नीट बोलले, त्यांच्यातलेही ३५ टक्के.

मला संत्रा फ्लेवरवाल्या बाई आठवल्या. पाऊण तास. पावडरने पोट फुगायच्या आधीचे जे दोन दिवस मला खरंच बरं वाटलं होतं, ते कशाने, याचं उत्तर त्या डब्यात नव्हतं.

आता कप्प्यात लोणी असतं. टेबलावर इसबगोलचा डबा, पर्समध्ये पुदिन्याच्या कॅप्सूलचं पान आणि ती हरभऱ्याची गोळी. पोट पूर्ण बरं झालं का? नाही. परीक्षेच्या महिन्यात हटकून बिघडतं. पण रविवारच्या ठेल्यावरचा पोहेवाला आता लांबूनच ओरडतो, "मॅडमचे बिना तर्रीचे!" आणि मी वरून दोन थेंब तर्रीचं तेल घालून घेते.

जूनच्या शेवटी शाळा उघडली. विज्ञानाची नवी शिक्षिका आहे, सव्वीस-सत्तावीसची. स्टाफरूममध्ये माझ्याजवळ खुर्ची ओढून बसली आणि आवाज खाली करून म्हणाली, "मॅडम, तुम्हालेही पोटाचं आहे म्हणे. माझे तर सगळे रिपोर्ट नॉर्मल आले. तुम्ही कोणती कॅप्सूल घेता, नाव सांगा न."

माझा तास नव्हता. मी विचारलं, रक्त पडतं का? रात्री झोपेतून उठून जावं लागतं का? वजन उतरलं का? हिमोग्लोबिन किती आहे? घरात कोणाला आतड्याचा कॅन्सर? नाही, नाही, नाही, बारा, नाही. मग म्हटलं, सांग, कधीपासून. ती सांगू लागली. होस्टेलच्या मेसपासून सुरू झाली ते लग्नाच्या बोलणीपर्यंत आली. मुलगा बघायला आला असताना ती दोनदा उठून आत गेली, त्याच्या आईने त्याचा काय अर्थ लावला, सगळं. घंटा होईपर्यंत मी मधे बोलले नाही.

उठताना एका कोऱ्या चिठ्ठीवर लिहून दिलं, इसबगोल, अर्धा चमचा, भरपूर पाणी.

तिने वाचलं. मग चिठ्ठी उलटून मागे काही लिहिलंय का ते पाहिलं.